मदतीच्या रकान्यात ‘होय’ लिहावे का?

प्रश्न: ताई, आम्ही २०१९ मध्ये न्यू जर्सीत आलो. दिरांनी बऱ्याच वर्षांपूर्वी अर्ज केला होता, त्यावर आम्हाला ग्रीन कार्ड मिळाले. यजमान एका गोदामात कामाला होते. यंदा जानेवारीत त्यांची नोकरी गेली. मी वृद्धांच्या घरी जाऊन त्यांची देखभाल करते. २०२५ मध्ये दोघांचे मिळून ७१,००० डॉलर उत्पन्न होते, ते यंदा निम्म्यावर येईल. मुलगी अकरावीत आहे, अभ्यासात हुशार आहे आणि २०२७ मध्ये तिला कॉलेजला जायचे आहे. जाऊबाईंचे म्हणणे असे की अर्जात ‘आर्थिक मदत हवी’ असे लिहिले की कॉलेजे गरिबांची मुले बाजूला काढतात. म्हणून आधी ‘नको’ लिहावे, पहिले वर्ष कसेबसे ओढावे आणि मग मागावे. त्यांच्या मुलाला नुकताच चांगल्या कॉलेजात प्रवेश मिळाला आहे, तेव्हा त्यांना खोटे तरी कसे ठरवू? शिवाय शनिवार-रविवार दुकानातले काम आणि धाकट्या भावाला सांभाळणे यापायी आमच्या मुलीने नृत्य, वादविवाद, समाजसेवा असे काहीच केलेले नाही. गावाकडे सासऱ्यांची थोडी शेती आहे, तीही दाखवावी लागते का? — एक आई

उत्तर: तुमच्या जाऊबाईंचे म्हणणे पूर्णपणे खोटे नाही, आणि त्यामुळेच ते अधिक धोक्याचे आहे. अमेरिकेत अशी कॉलेजे आहेत जी काही अर्जदारांच्या बाबतीत कुटुंबाची ऐपत पाहून निर्णय फिरवतात. पण त्यावर त्यांनी सुचवलेला उपाय तुमच्या घराला लागू पडणारा नाही. तुमच्या मुलीने प्रत्येक अर्जात त्या रकान्यात ‘होय’ असेच लिहावे असे माझे स्पष्ट मत आहे. विचार करायचा असेल तर तो अर्ज कोणत्या कॉलेजांना पाठवायचे याचा करावा.

या बाबतीत कॉलेजांचे दोन प्रकार आहेत आणि त्यांची नावे तुमच्या कानांवरून गेलीही असतील. ‘नीड-ब्लाइंड’ कॉलेजात प्रवेश ठरवणाऱ्यांच्या हाती कुटुंबाच्या ऐपतीचे कागद जातच नाहीत; ते कागद दुसऱ्या कार्यालयात राहतात आणि प्रवेशाचा निर्णय झाल्यावर उघडले जातात. ‘नीड-अवेअर’ कॉलेजात मात्र, निदान काही अर्जांपुरती, किती मदत द्यावी लागेल हा आकडा निर्णयात धरला जातो. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट, डार्टमथ, बोडन ही कॉलेजे तर परदेशी विद्यार्थ्यांच्या बाबतीतही नीड-ब्लाइंड आहेत. परदेशी विद्यार्थ्यांसाठी अशी कॉलेजे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असली, तरी अमेरिकन नागरिक आणि ग्रीन कार्डधारक यांच्यासाठी त्यांची यादी पुष्कळ लांब आहे.

इथेच आपल्या मंडळींमधला बराचसा गोंधळ सुरू होतो, असे मला अनुभवाने वाटते. आपल्या ओळखीतली कितीतरी कुटुंबे एच-१बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर आहेत आणि त्यांची मुले एच-४ या आश्रितांच्या व्हिसावर. ती मुले इथल्याच शाळेत शिकली असली तरी त्यांना सरकारी मदत मिळत नाही आणि अनेक खासगी कॉलेजे त्यांना परदेशी अर्जदारांच्या रांगेत उभे करतात. त्या रांगेत मदत मागणे खरोखरच महागात पडू शकते. त्या घरांत अनुभवाने ठरलेले शहाणपण पुढे व्हॉट्सअ‍ॅपवरून सगळ्यांना सारखेच वाटले जाते आणि ग्रीन कार्ड असलेली माणसेही ते निमूटपणे पाळतात. तुमची मुलगी त्या रांगेत नाही. मदतीच्या दृष्टीने तिचे स्थान अमेरिकन नागरिकाच्या मुलीसारखेच आहे.

तरीही नीड-अवेअर पद्धत प्रत्यक्षात कशी चालते ते तुम्हाला कळावे असे वाटते, कारण ‘गरिबांना बाजूला काढतात’ या शब्दांनी जे चित्र डोळ्यांसमोर येते तसे ते घडत नाही. मी काही वर्षे एका खासगी कॉलेजच्या आर्थिक मदत विभागात होते. तिथे सुरुवातीपासून मार्चच्या मध्यापर्यंत कोणीही पैशाचा विषय काढत नसे. अर्ज वाचले जात, चर्चा होत, यादी भरत जाई. मग एका सकाळी आमच्या विभागाकडून त्या यादीचा एकूण मदतीचा आकडा मागवला जाई, आणि तो ठरलेल्या रकमेच्या वर गेलेला असे. त्यानंतर यादीच्या तळाची, म्हणजे ‘घ्यावे किंवा न घ्यावे’ अशा काठावरची नावे पुन्हा पडद्यावर येत, आणि या वेळी प्रत्येक नावापुढे एक रक्कम असे. एका मुलीच्या नावापुढे ६१,००० होते. तिच्या निबंधाबद्दल आदल्याच आठवड्यात कोणीतरी भरभरून बोलले होते. तिचे नाव प्रतीक्षा यादीत गेले आणि त्या रकमेत दोन मुले बसली, ज्यांच्या घरून निम्मा खर्च येणार होता. खोलीत कोणालाही ते आवडले नव्हते, आणि कोणी विरोधही केला नाही. यादीच्या वरच्या भागातल्या एकाही मुलाचे नाव मात्र पैशासाठी हलले नाही. त्यांच्यातही पूर्ण मदत लागणारी मुले होतीच.

ही केवळ माझी आठवण नाही. असे उघडपणे घडलेले आहे. ओरेगनमधील रीड कॉलेजने २००९ च्या मंदीत मदतीचे पैसे संपल्यावर शंभराहून अधिक गरजू अर्जदारांची नावे काढून त्या जागी पूर्ण खर्च उचलू शकणारी मुले घेतली, आणि ती गोष्ट त्या वेळी वृत्तपत्रात सविस्तर आली. वेस्लियन विद्यापीठाने २०१२ मध्ये आपले नीड-ब्लाइंड धोरण मर्यादित करत असल्याचे स्वतःच जाहीर केले. वॉशिंग्टनमधील जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठ वर्षानुवर्षे स्वतःला नीड-ब्लाइंड म्हणवत होते. २०१३ मध्ये तिथल्या विद्यार्थी वृत्तपत्राने विचारणा केल्यावर आपण प्रत्यक्षात नीड-अवेअर असल्याचे त्याने मान्य केले. पुढे २०२२ मध्ये १७ नामांकित विद्यापीठांवर खटला दाखल झाला. गरज न पाहण्याचा दावा करूनही ती श्रीमंत अर्जदारांना झुकते माप देतात आणि मदतीच्या रकमा आपसांत ठरवतात, असा त्यात आरोप होता. २०२४ च्या सुरुवातीपर्यंत त्यांपैकी दहा विद्यापीठांनी चूक मान्य न करता एकूण २८.४ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. सांगायचे कारण एवढेच की ‘नीड-ब्लाइंड’ हा शब्द माहितीपत्रकात दिसला म्हणून डोळे मिटून विश्वास ठेवू नये, आणि ‘नीड-अवेअर’ हा शब्द दिसला म्हणून घाबरूनही जाऊ नये.

कारण तुमच्यासाठी त्याहून महत्त्वाचा प्रश्न वेगळाच आहे: प्रवेश दिल्यावर ते कॉलेज तुमची संपूर्ण गरज भागवते का? काही कॉलेजे ऐपत न पाहता प्रवेश देतात आणि मग मदतीच्या पत्रात वर्षाला वीस-पंचवीस हजार डॉलरचे भगदाड ठेवतात. मुलीचा आनंद दोन दिवस टिकतो आणि तिसऱ्या दिवशी वडील कर्जाची चौकशी करू लागतात. याउलट काही कॉलेजे काठावरच्या अर्जांमध्ये ऐपत पाहतात, पण ज्याला घेतात त्याची संपूर्ण गरज पदरचे पैसे घालून भागवतात. मला स्वतःला हे दुसऱ्या प्रकारचे कॉलेज, दार उघडून हात आखडता घेणाऱ्या कॉलेजपेक्षा अधिक प्रामाणिक वाटते. तिथे नकार आला तरी नुकसान एका अर्जाचे होते. अर्धवट मदतीच्या कॉलेजात होकार आला तर नुकसान चार वर्षांचे होऊ शकते.

आता जाऊबाईंच्या उपायाकडे पुन्हा येऊ. ज्या घराला पूर्ण खर्च झेपतो, त्याने मदत न मागणे हा त्याचा प्रश्न आहे आणि त्यात गैर काही नाही. त्यांच्या मुलाच्या बाबतीत कदाचित तेच झाले असेल. पण आज नामांकित खासगी कॉलेजांचा राहण्या-जेवणासह एका वर्षाचा खर्च अनेक ठिकाणी ९०,००० डॉलरच्या आसपास किंवा त्याहून वर गेला आहे. तुमचे २०२५ चे सगळे उत्पन्न, घरभाडे आणि किराण्यासह, एका वर्षात ओतले तरी तो पुरा होणार नाही, मग ‘कसेबसे ओढणे’ म्हणजे नेमके काय करणे? शिवाय जी मुले पहिल्या वर्षी मदत मागत नाहीत, त्यांना कॉलेजच्या स्वतःच्या निधीतून पुढे एक-दोन वर्षे, काही ठिकाणी तर शेवटपर्यंत, मदत मिळत नाही असे अनेक कॉलेजांचे लेखी नियम आहेत. नंतर मागू म्हणणाऱ्यांसाठीच ते केलेले आहेत.

उत्पन्नाचा प्रवेशावर परिणाम होतो, आणि चांगलाच होतो. पण तो ज्या जागी होतो असे आपण समजतो, तिथे तो फारसा नसतो. राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये आयव्ही लीगची आठ आणि त्यांच्या तोडीची चार अशा बारा विद्यापीठांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सॅट किंवा एसीटी या प्रवेश परीक्षांचे गुण सारखे असताना सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतील मुले या विद्यापीठांत पोहोचण्याची शक्यता मध्यमवर्गीय घरांतील मुलांच्या दुपटीहून अधिक असल्याचे त्यांना आढळले. त्यांनी सांगितलेल्या कारणांत मदतीच्या रकान्याचा समावेश नाही. आई-वडील त्याच कॉलेजचे माजी विद्यार्थी असल्याचा लाभ, खेळाडूंसाठी राखलेल्या जागा आणि अभ्यासाबाहेरच्या गोष्टींना मिळणारे गुण ही ती तीन कारणे. त्यांतल्या तिसऱ्यात महागड्या खासगी शाळांनी तयार करून दिलेली शिफारसपत्रेही आली. त्या बारा विद्यापीठांत सर्वांत कमी उत्पन्नाच्या घरांतील अर्जदारांना तेवढ्याच गुणांच्या मध्यमवर्गीय अर्जदारांपेक्षा प्रवेश मिळण्याची शक्यता किंचित जास्तच होती. मोठ्या सरकारी विद्यापीठांत तर श्रीमंतांकडे असा झुकाव दिसलाच नाही. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणारा लाभही आता हळूहळू आक्रसतो आहे. जॉन्स हॉपकिन्स आणि अ‍ॅमहर्स्ट यांनी तो बंद केला आणि कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये खासगी विद्यापीठांवरही त्याला बंदी घालणारा कायदा केला.

दुसरा मोठा परिणाम त्याहून दुःखद आहे, कारण तो आपण आपल्या हाताने करून घेतो. कॅरोलाइन हॉक्स्बी आणि ख्रिस्तोफर एव्हरी यांनी २०१२ मध्ये दाखवून दिले की अत्यंत हुशार पण कमी उत्पन्नाच्या घरांतील बहुसंख्य मुले निवडक कॉलेजांत अर्जच करत नाहीत. तिथे त्यांना कमी खर्च आला असता, तरीही करत नाहीत. मिशिगन विद्यापीठाने २०१५ पासून याचा एक प्रयोग केला. राज्यातील अशा मुलांना शाळेच्या शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीलाच एक रंगीत पाकीट पाठवले: प्रवेश मिळाला तर चार वर्षांचे शिक्षण शुल्क माफ, आणि त्यासाठी मदतीचे कोणतेही फॉर्म भरण्याची अट नाही. बहुतेकांना रीतसर फॉर्म भरूनही जवळपास तेवढीच मदत मिळाली असती, म्हणजे विद्यापीठाने नवे पैसे फारसे घातलेच नव्हते. तरी ज्यांना पाकीट गेले नाही त्यांच्यात सुमारे एक चतुर्थांश मुलांनी अर्ज केला, आणि ज्यांना गेले त्यांच्यात सुमारे दोन तृतीयांश मुलांनी. जाऊबाईंच्या सल्ल्याने तुमच्या घरात जे होऊ घातले आहे, ते त्या पाकिटाच्या नेमके उलट आहे.

मुलीने ‘काहीच केलेले नाही’ असे तुम्ही लिहिले आहे, त्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुमच्या पत्रातले मला सर्वांत खटकलेले वाक्य तेच आहे. कॉमन अ‍ॅप नावाच्या सामाईक अर्जात अशा कामांसाठी दहा ओळी असतात आणि प्रत्येकीच्या वर्णनाला इंग्रजी १५० अक्षरे मिळतात. त्यांच्या प्रकारांच्या यादीत ‘पगारी काम’ आहे आणि ‘कौटुंबिक जबाबदाऱ्या’ हाही स्वतंत्र प्रकार आहे. आमच्याकडे एका मुलाचा अर्ज आला होता, त्यात या दहापैकी तीनच ओळी भरल्या होत्या आणि बाकीच्या रिकाम्या. शिक्षिकेच्या शिफारसपत्रातून अगदी ओघात कळले की तो रोज पहाटे आईबरोबर कार्यालये झाडायला जाऊन मग शाळेत येतो. त्याने ते लिहिलेच नव्हते, कारण घरात त्याला कोणी ‘उपक्रम’ म्हणत नसत. तुमच्या मुलीने पहिल्या ओळीत दुकानाचे काम लिहावे: कधीपासून करते, आठवड्याला किती तास, गल्ला सांभाळते की माल लावते, नव्या मुलांना शिकवते का. दुसऱ्या ओळीत भाऊ: शाळेतून आणणे, अभ्यास घेणे, संध्याकाळचा स्वयंपाक, आठवड्याचे तास. घरातली इंग्रजी पत्रे, विम्याचे फोन, वडिलांच्या बेकारी भत्त्याचे अर्ज ती पाहत असेल, तर ती तिसरी ओळ. तास मोजून खरे लिहावेत; ते बहुतेक तुम्हालाच थक्क करतील. निबंध मात्र गरिबीवरच लिहिला पाहिजे असा आग्रह धरू नका. तिला दुकानातल्या गिऱ्हाइकांबद्दल लिहायचे असेल तर लिहू द्या, आणि भूमितीबद्दल लिहायचे असेल तरीही.

वाचणाऱ्याला ऐपतीचे कागद दिसत नसले तरी घराची परिस्थिती दिसतच असते, हेही लक्षात घ्या. आई-वडिलांचे शिक्षण आणि व्यवसाय, पत्ता, शाळेने सोबत पाठवलेली माहिती, अर्ज शुल्क माफ असल्याची नोंद हे सगळे अर्जातच असते. बहुतेक निवडक कॉलेजांत याचा उपयोग अर्जदाराच्या बाजूनेच होतो: ज्या शाळेत प्रगत विषयांचे वर्ग मोजकेच आहेत, तिथल्या मुलीने ते सगळे घेतले असतील तर तिचे मोजमाप त्या शाळेच्या मापाने होते. सॅटच्या गुणांचेही तसेच. डार्टमथने २०२४ मध्ये सॅट पुन्हा सक्तीची केली तेव्हा त्यामागचे एक कारण असे सांगितले, की कमी उत्पन्नाच्या घरांतील अनेक मुले आपले गुण कमी समजून लपवत होती, आणि त्यांच्या परिस्थितीत ते गुण त्यांना उपयोगी पडले असते. तेव्हा गुण पाठवायचे की नाही हे एच-१बी वर्तुळातल्या मुलांच्या गुणांशी तुलना करून ठरवू नका. शाळेतल्या समुपदेशकाला विचारून ठरवा.

त्या समुपदेशकाकडे या महिन्यातच जा. शाळेतील मोफत किंवा सवलतीच्या जेवणासाठी सध्याच्या उत्पन्नावर अर्ज करता येतो आणि तो वर्षाच्या मध्येही करता येतो. तुम्हाला कदाचित ते नकोसे वाटेल. आपल्याकडे डबा घरचाच असतो आणि फुकटाचे नको असा बाणा असतो. पण ती पात्रता मिळाली की तिच्या आधारे सॅटची परीक्षा दोनदा विनाशुल्क देता येते, कॉलेजांचे अर्ज शुल्क माफ होते आणि पुढे सीएसएस प्रोफाइलचे, म्हणजे अनेक खासगी कॉलेजे स्वतःची मदत ठरवण्यासाठी मागतात त्या फॉर्मचे, शुल्कही लागत नाही. एका अर्जाचे शुल्क कित्येक ठिकाणी ८० डॉलरच्या घरात आहे. दहा अर्ज म्हटले तर तुमच्या महिन्याच्या किराण्याएवढी रक्कम होते.

तुमच्या बाबतीत खरी अडचण वर्षाची आहे. सरकारी मदतीचा फाफ्सा फॉर्म कॉलेज सुरू होण्याच्या दोन वर्षे आधीचे उत्पन्न पाहतो. २०२७ च्या शरद सत्रासाठी तो २०२५ चे कर विवरणपत्र उचलेल, आणि त्यात यजमानांची नोकरी शाबूत असलेले ७१,००० डॉलर दिसतील. फॉर्म त्याच आकड्यांनी भरावा लागतो. स्वतःच्या मनाने यंदाचा आकडा घालू नये. भरल्यावर मात्र प्रत्येक कॉलेजच्या मदत कार्यालयाला वेगळे पत्र लिहून परिस्थिती बदलल्याचे कळवायचे आणि उत्पन्न नव्याने धरण्याची विनंती करायची. तसे करण्याचा अधिकार त्या कार्यालयाला कायद्यानेच दिलेला आहे. याला तिथे ‘प्रोफेशनल जजमेंट’ म्हणतात. नोकरी संपल्याचे पत्र, बेकारी भत्त्याच्या नोंदी आणि तुमच्या पगाराच्या चिठ्ठ्या आतापासून एका पाकिटात ठेवा. माझ्या टेबलावर अशी पत्रे यायची, त्यांतली चांगली पत्रे एका पानाची असायची: काय झाले, कधी झाले, आधी किती येत होते, आता किती येते, सोबत काय जोडले आहे. चार पाने दुःख लिहिणाऱ्यांची कामे उशिरा व्हायची, कारण आकडा शोधायला वेळ लागे.

तुम्ही न्यू जर्सीत आहात, ही तुमच्या बाजूची गोष्ट आहे. रटगर्स विद्यापीठाच्या न्यू ब्रन्सविक केंद्रात ६५,००० डॉलरपर्यंत समायोजित (कर विवरणपत्रात ठरावीक वजावटींनंतर दिसणारे) उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील पहिल्या वर्षाच्या मुलांना इतर अनुदाने वजा जाता उरलेले शिक्षण शुल्क भरावे लागत नाही, आणि एक लाखापर्यंतच्या कुटुंबांचाही भार कमी होतो. म्हणजे तुमचे ७१,००० आणि यंदाचे उत्पन्न यांतला फरक नेमका त्या रेषेच्या दोन बाजूंना पडतो, आणि वर सांगितलेले पत्र तिथे अवश्य पाठवावे. त्याहून महत्त्वाचा आहे राज्याचा ईओएफ, म्हणजे एज्युकेशनल ऑपॉर्च्युनिटी फंड, जो १९६८ पासून चालू आहे. त्यात कमी उत्पन्न ही पात्रतेची अटच आहे, आणि तो पैशापुरता नाही: राज्यातील अनेक कॉलेजांत त्याची स्वतंत्र प्रवेशवाट असते, पहिल्या सत्राआधी उन्हाळी वर्ग असतात आणि पुढे समुपदेशकही मिळतो. अर्जात त्याची वेगळी नोंद करावी लागते. ती करायची राहून गेली की संधी जाते. कौंटी कॉलेजात, म्हणजे आपल्या भागातल्या दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात, दोन वर्षे करून पुढे बदली घेण्याची वाटही कमी लेखू नका. नातेवाईक नाक मुरडतील, पण प्रिन्स्टननेसुद्धा २०१८ पासून अशा बदली विद्यार्थ्यांना पुन्हा घ्यायला सुरुवात केली आहे.

प्रिन्स्टनचे नाव निघालेच आहे तर सांगते, की तिथे २०२५-२६ पासून दीड लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या बहुतेक कुटुंबांना काहीही भरावे लागत नाही, आणि हार्वर्डने एक लाखापर्यंत तसेच जाहीर केले आहे. प्रवेश मिळणे अतिशय अवघड आहे, हे वेगळे सांगायला नको. पण ‘तिथला खर्च आपल्याला कुठे झेपणार’ हे अर्ज न करण्याचे कारण राहिलेले नाही. क्वेस्टब्रिज ही संस्था चार जणांच्या कुटुंबात साधारण ६५,००० डॉलरच्या आत उत्पन्न असलेल्या हुशार मुलांची पन्नासहून अधिक कॉलेजांशी गाठ घालून देते आणि निवड झाली तर चार वर्षांचा पूर्ण खर्च भागतो. तिचा अर्ज बारावीच्या सप्टेंबर अखेरीस भरावा लागतो, म्हणून उन्हाळ्यातच बसावे लागेल. ‘अर्ली डिसिजन’ची, म्हणजे एकाच आवडत्या कॉलेजला मुदतीआधी अर्ज करण्याची, घाई मात्र जपून करा. त्यात प्रवेश मिळाल्यास तिथेच जाण्याचे वचन द्यावे लागते. मदत अपुरी पडली तर त्यातून सुटता येते, हे खरे. पण इतर कॉलेजांचे देकार शेजारी ठेवून पाहण्याची संधी राहत नाही. प्रत्येक कॉलेजच्या संकेतस्थळावर निव्वळ खर्चाचे गणनयंत्र असणे २०११ पासून कायद्याने बंधनकारक आहे. त्यात दोन्ही वर्षांचे आकडे घालून पाहा, आणि आकडा झेपणारा आला व कॉलेज संपूर्ण गरज भागवणारे असले तरच तो मार्ग धरा.

मदतीची पत्रे येतील तेव्हा पहिल्यांदा अनुदान वेगळे काढा आणि कर्ज वेगळे काढा, कारण पुष्कळ कॉलेजे दोन्हींची एकत्र बेरीज करून ‘तुमची मदत’ म्हणून मोठा आकडा छापतात. पालकांच्या नावावरचे ‘पेरेंट प्लस’ कर्ज त्या बेरजेत दिसले तर ती मदत समजू नका. ते तुमच्या आणि यजमानांच्या डोक्यावरचे कर्ज आहे.

राहिली शेती. जमीन सासऱ्यांच्या नावावर असेल, तर ती तुमची मालमत्ता नाही आणि ती दाखवायची नाही. सातबाऱ्यावर यजमानांचेही नाव लागले असेल, तर त्यांच्या वाट्याची आजची अंदाजे किंमत डॉलरमध्ये दाखवावी लागते. परदेशातली आहे म्हणून ती सुटत नाही. तेवढ्याने घाबरू नका. फाफ्साच्या हिशेबात पालकांच्या मालमत्तेतील शंभर डॉलरमागे जास्तीत जास्त ५.६४ डॉलर कुटुंबाची ऐपत म्हणून धरले जातात. सीएसएस प्रोफाइलमध्ये विशेष परिस्थितीसाठी मोकळी जागा असते. जमीन किती एकर आहे, ती सामाईक आहे, तिच्यावर सासू-सासऱ्यांचा उदरनिर्वाह चालतो आणि म्हणून ती विकता येत नाही, एवढे तिथे दोन वाक्यांत लिहा. दोन्ही फॉर्म १ ऑक्टोबरच्या सुमारास उघडतात. त्याआधी दिवाळीची वाट न पाहता सातबाऱ्याची ताजी प्रत गावाहून मागवून तिचे इंग्रजी भाषांतर करून ठेवा, कारण एखाद्या कार्यालयाने ती मागितलीच तर उत्तर द्यायला बहुधा दोन आठवड्यांहून जास्त वेळ मिळत नाही.